आखणी सोडली की अब्बा गप्प होतात

ढाब्यावरचा चहा संपला तरी दोन रस्त्यांचं भांडण मिटेना.

फोन: मागे फिरा. काळवटी पूल जड वाहनांना बंद आहे.

पडदा: घे बेटा, सरळ घे. रस्ता मोकळा आहे.

फोनमधली बाई कुणाचीच कोणी नव्हती. पडद्यातला आवाज मात्र युनूसचाचांचा होता, आणि युनूसचाचांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

कंपनीनं प्रत्येक ट्रकच्या केबिनमध्ये बसवलेल्या त्या पडद्याला सगळे ‘आखणी’ म्हणत. कोणत्या रस्त्यानं जायचं, कुठं थांबायचं, ते आखणी सांगणार. सुरुवातीला तिला कुणी जुमानेना. मग कंपनीनं चाचांचा आवाज टिपून घेतला. निम्मे ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली शिकलेले, आणि उस्तादाचा शब्द कुणी मोडत नसतो. आता आखणी नव्या रस्त्यावर नवं वाक्य जुळवायची आणि ते चाचांच्या तोंडून यायचं. मधल्या खोकल्यासकट.

‘‘आश्फाक, महामार्गानं जाऊ,’’ जालिंदर म्हणाला. ‘‘सिमेंट भरलंय. तो पूल बैलगाड्यांच्या काळातला आहे.’’

‘‘जालूभाऊ, तुम्ही जा.’’ आश्फाकनं बशी खाली ठेवली. ‘‘मी आखणीनं येतो.’’

‘‘कंपनीच्या दंडाला भितो का रे?’’

‘‘दंड गेला खड्ड्यात.’’ चाचांचा हा एकुलता एक मुलगा टायरला उगाच लाथ मारत राहिला. ‘‘आखणी सोडली की अब्बा गप्प होतात. पडदा काळा. मागं एकदा सोडली होती, तर सबंध रस्ता गाडीत कोणी नाही, असं वाटत राहिलं.’’

जालिंदरनं चहाचे पैसे दिले.

जोडीनं निघालेल्या गाड्या जोडीनंच पोचवायच्या, ही चाचांचीच शिकवण. पूल आला की पुढच्यानं आधी पार व्हायचं, पलीकडून दिवे दाखवायचे, मग मागच्यानं निघायचं. दिवे नाहीत, तर हलायचं नाही. जालिंदर म्हणाला, ‘‘मी पुढं होतो. दिवे दिसल्याशिवाय चाक फिरवायचं नाही.’’

‘‘मला शिकवता? मी कुणाचा पोरगा?’’ आश्फाक हसला.

पुलाच्या मध्यावर जालिंदरला ते कळलं. कानांना नव्हे, बुडाला. सीटखालचा रस्ता दबला, क्षणभर दबूनच राहिला आणि मग नाइलाजानं वर आला. मागं घेणं शक्य नव्हतं. श्वास रोखून त्यानं गाडी पलीकडच्या चढावर काढली आणि पहिल्यांदा दिवे बंद केले. सगळे.

पडदा: शाबास बेटा.

आखणी शिकायची ती पोचलेल्या गाड्यांकडून. गाडी पार झाली, म्हणजे पूल चांगला. दुसरी पार झाली, म्हणजे आणखी चांगला. प्रत्येक गाडीनं पुलाची एकेक चीर वाढत होती आणि आखणीच्या लेखी पूल मजबूत होत चालला होता. दिवे तिला कळत नव्हते. जालिंदर पोचला, एवढंच तिला कळलं. आणि ते तिनं लगेच आश्फाकच्या पडद्याला कळवलं.

ट्रक सुरू झाल्याचा आवाज नदीवरून आला.

जालिंदरनं फोन लावला. ‘‘आश्फाक, थांब! दिवे बंद आहेत, दिसत नाही का?’’

‘‘दिसतंय. पण अब्बा म्हणतायत, जालिंदर पार गेला, तू पण घे. गेलातच ना तुम्ही?’’

‘‘पूल दबतोय रे! गाडी तिथंच सोड, चालत ये.’’

‘‘अब्बांनी कधी चुकीचा रस्ता सांगितलाय?’’

‘‘ते अब्बा नाहीत, येड्या! कंपनीचं यंत्र आहे ते!’’

बोलून गेला, आणि त्याच वेळी त्याला वाटलं, हे नको होतं. हे सोडून काहीही चाललं असतं. गाडी बंद पडली म्हणायचं होतं, छातीत दुखतंय म्हणायचं होतं. पोरगं धावत आलं असतं.

मग आश्फाक अगदी हळू म्हणाला, ‘‘तुमच्याशीही बोलतात ना ते? मग असं कसं म्हणवतं तुम्हाला?’’

फोन बंद झाला. जालिंदर हात हलवत, ओरडत पुलाकडे धावला. ट्रक पुलावर चढला. काचेमागं आश्फाकचे ओठ हलत होते. तो कुणाशी तरी बोलत होता. गाडी मध्यावर आली आणि पूल


धूळ बसेपर्यंत जालिंदर काठावर उभा होता. मागं त्याच्या केबिनमध्ये चाचा खोकले आणि म्हणाले, ‘‘चल बेटा, पुढं बराच पल्ला आहे.’’

आश्फाकच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर कंपनीचा माणूस त्याच्या आईकडे, जैबुनचाचींकडे, येऊन गेला. पूल आखणीतून काढलाय, म्हणाला. आश्फाक गाडीत सारखा पडद्याशी बोलायचा, ते सगळं जपून ठेवलंय. तुमची हरकत नसेल, तर नव्या पोरांना त्याचा आवाज देऊ. त्याच्या वयाची पोरं त्याचं ऐकतील.

‘‘काय सांगितलंत?’’ जालिंदरनं विचारलं.

चाची आत गेल्या, डोक्यावर ओढणी नीट घेऊन बाहेर आल्या. हातात डबा होता.

‘‘पोराचा आवाज नेतो म्हणाले. नेऊ दे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुझ्या गाडीत यांचा आवाज आहे. त्या दुसऱ्या गाडीत पोराचा येणार. मला एकदा बसव, जालिंदर. मी काही बोलणार नाही, नुसती ऐकेन.’’

‘‘चाची, तो आखणीचा रस्ता...’’

‘‘रस्ता कसला का असेना. एवढंच सांग, कुठून गेलं की दोघं एकमेकांशी बोलतील?’’

जालिंदरनं केबिनचं दार उघडलं. चाची वर चढून बसल्या. त्यानं किल्ली फिरवली. फोन म्हणाला, उजवीकडे वळा. पडदा म्हणाला, डावीकडे घे, बेटा.

चाचींचा चेहरा उजळला. जालिंदरचे हात चाकावर होते. चाक कुठं फिरवायचं?