गरमीच्या काट्याची वायर

लाठी पुन्हा बोटांवर बसली आणि जालिंदर ड्रायव्हर गुरासारखा ओरडला. मडिवाळप्पा दारातच थबकला. मोटारींचं वायरिंग दुरुस्त करणाऱ्या माणसाचं चौकीत काय काम? पण फौजदार अण्णारावांनीच त्याला बोलावलं होतं.

चादरींच्या कारखान्याचे मालक शिवयोगी काल मंद्रूप गावाच्या पुढे, आपल्याच मोटारीत ठार झाले होते. इंजिन सुरू करायच्या लोखंडी हँडलनं कवटी फोडलेली.

"दादा तिकडं जाणार हे मला आणि ह्या धोंडप्पालाच ठाऊक होतं," मालकाचा धाकटा भाऊ मल्लप्पा म्हणाला. शेजारी बसलेल्या धोंडप्पानं, कारखान्यातल्या मागांवरच्या जॉबर-मुकादमानं, मान हलवली. "आणि ड्रायव्हरला."

"गाडी का थांबवलीस?" अण्णाराव गरजले.

"गरमीचा काटा लालवर गेला साहेब. इंजिन तापलं म्हणून हिरीवर पाणी आणाया गेलो. आलो तर मालक..."

"मडिवाळप्पा, गाडी तपासलीस ना? काटा कसाय?"

"आता बरोबर हाय. रेडिएटर काठोकाठ भरलेला."

"ऐकलंस, खोटारड्या?" लाठी वर गेली.

"थांबा की साहेब!" मडिवाळप्पाचं डोकंच फिरलं. "माझं पुरं ऐका, मग मारा कुणाला मारायचं ते!"

त्यानं त्या गाडीतून काढलेला वायरचा तुकडा टेबलावर आपटला. एका जागी चाकूनं सोललेला. त्यावर सूत गुंडाळून बारीक, चपटी गाठ मारलेली. मग खिशातून तुटक्या सुताचे तुकडे काढून मल्लप्पा आणि धोंडप्पापुढं धरले. "एवढं सांधा बघू."

मल्लप्पानं गाठोड्याला मारावी तशी गाठ मारली. धोंडप्पाची बोटं न बघताच फिरली. वायरवरच्यासारखीच बारीक, चपटी गाठ झाली.

"ही वायर इंजिनाची गरमी काट्याला कळवते," मडिवाळप्पा म्हणाला. "सोलून लोखंडाला टेकवली, की गार इंजिनावरही काटा लालवर जातो. मंद्रूपच्या बाजारात गाडी उभी असताना हे केलं. तापल्या रेडिएटरचं झाकण लगेच कोण उघडतंय? जालिंदर पाण्याला गेला. गाडी लांब गेलीच नव्हती; मागून सायकलीवर आलेल्यानं मालकाला मारलं. मग जालिंदर खोटा पडावा म्हणून वायर सोडवली, पुन्हा टेकू नये म्हणून सूत गुंडाळलं. मी असतो तर टेप लावली असती. मागावरच्या माणसाकडं सूतच असतंय, अन् ही गाठही विणकराचीच."

"सोलापुरात विणकर काय कमी हायत?" धोंडप्पा.

"लई हायत. पण मालक कुटं निघालेत हे ठाऊक असलेला विणकर एकच."

धोंडप्पानं झेप घेऊन मडिवाळप्पाचा गळा आवळला. शिपायांनी धोंडप्पाला खाली पाडून बुटांनी तुडवलं. तोंडातून रक्त आलं तरी तो ओरडतच होता.

"माझ्या लेकीचा, मायाक्काचा हात मागाच्या पट्ट्यात गेला! खांद्यापासून उपटला! अन् हा मालक म्हनला, रक्तानं चादरी खराब झाल्या!"

मडिवाळप्पाला त्याची कीव आली आणि संतापही. "अन् जालिंदरनं काय केलं होतं रे तुझं?"

शिपायांनी धोंडप्पाला फरफटत कोठडीत नेलं.

"सुटलास. सही कर आणि जा," अण्णाराव जालिंदरला म्हणाले. दोनदा टाक हातातून पडला. शेवटी शिपायानं त्याचा सुजलेला अंगठा शाईत दाबला.

बाहेर आल्यावर जालिंदरनं हात पुढं केला. तीन बोटं वेडीवाकडी लोंबत होती.

"मडिवाळदा, ह्यांनी गियर धरता येईल की?"

मडिवाळप्पाला खोटं बोलवेना. जालिंदरला धरून तो दवाखान्याच्या वाटेला लागला.