खूण नसलेली पुरवणी

"सुरी आत जाताना आधी अडते," नीरजा डहाके म्हणाली. "बरगडीला लागते. मग मनगट फिरवावं लागतं. मला कुणी शिकवलं नव्हतं, पण हाताला कळलं. मग ती एकदम गेली."

तिचं डोकं गोल यंत्राच्या पोटात होतं आणि हात मांड्यांवर. तळव्यांची सालं निघाली होती. अटक झाल्यापासून ती हात धूत होती; कोठडीत पाणी मिळेना तेव्हा तिने ते भिंतीवर घासले होते.

काचेच्या अलीकडे डॉ. मंदाकिनी टेंभुर्णे पडद्याकडे पाहत होत्या. नागपूरच्या या प्रयोगशाळेत त्यांनी आयुष्यभर स्मृतीवर काम केलं होतं. शेजारी इन्स्पेक्टर रमाकांत भोयर उभे होते.

"खोटं बोलून राहिली का?" भोयरांनी विचारलं.

"नाही. तिने हे केलंय असं तिच्या मेंदूत नोंदलेलं आहे. वास, वजन, जागा, सगळं."

"सकाळी त्या प्रफुल्लचंही तुम्ही हेच सांगितलं."

"हो."

"मॅडम, सुहृद निनावे एकदाच मेला ना."

सुहृद रविवारी दुपारी मेला होता, वेदांग कुबडेच्या घरी, गोल टेबलापाशी, खुर्चीत बसल्या बसल्या. छातीत आणि पोटात मिळून तीन वार. सुरी त्याच घरातली, भाजी चिरायची. पोलिसांना फोन वेदांगने केला. ते पोचले तेव्हा प्रफुल्ल गावंडे प्रेत मांडीवर घेऊन बसला होता, नीरजा जखमा दोन्ही हातांनी दाबून धरत होती आणि वेदांग दारात उभा होता. तिघांचेही कपडे रक्ताने भिजलेले. सुरी इतक्या हातांतून गेली होती की ठशांचा उपयोग नव्हता. नीरजा म्हणाली, मी मारलं. प्रफुल्ल म्हणाला, मी मारलं. कोठडीत नेल्यावर त्याने उजव्या हाताची बोटं लोखंडी दाराच्या फटीत घातली आणि डाव्या हाताने दार ओढून घेतलं. तीन बोटं मोडली. त्याच हाताने मी सुरी धरली होती, एवढंच तो सांगत राहिला.

चौघं मिळून 'राखराज्य' खेळत. या खेळात सूर्य विझलेला आहे, राजा मेला तरी सिंहासनावर कुजत बसला आहे, आणि वेढ्यात अडकलेली माणसं चामडं उकळून पितात. पूर्वी तो फासे, कागद आणि एका निवेदकाच्या जोरावर चाले. अलीकडे शिरबंध आले होते. कपाळाभोवती पट्टा बांधला की शरीर सैल पडे, आणि निवेदक सांगेल ते खेळाडूला दिसे, ऐकू येई, दुखे. मूळ कंपनी फक्त गाभ्याचा खेळ विके. नवे प्रदेश, नवी श्वापदं, जखमांचे आणि रोगांचे नवे नियम बाहेरचे लोक लिहीत आणि पुरवण्या म्हणून काढत. कंपनीची परवानगी होती. नीरजा अशा पुरवण्या लिहिण्यात नावाजलेली होती. तिच्या 'हाडांची पेठ'ने लोकांची झोप उडवली होती. वेदांग त्या काढायचा, खपवायचा आणि खेळात निवेदक व्हायचा.

"कंपनीची अट एकच असते," डॉक्टर भोयरांना म्हणाल्या. "खेळखुणेला हात लावायचा नाही."

"ती काय असते?"

"तुम्ही कुणाशी भांडलात ही एक आठवण. ते भांडण खरं झालं, की स्वप्नात, की नाटकात पाहिलं, ही दुसरी. मेंदू या दोन्ही वेगळ्या ठेवतो. शिरबंधातला अनुभव इतका खऱ्यासारखा असतो की मेंदूला दुसरी गोष्ट ठरवता येत नाही. म्हणून खेळभर एक बारीक गुणगुण मेंदूत सोडतात. ती प्रत्येक आठवणीत विणली जाते. नंतर आठवण वर आली की गुणगुणही येते आणि माणसाला कळतं, हा खेळ होता. ती खेळखूण."

"आणि या पोट्ट्यांच्या आठवणीत ती नाही."

"नीरजाच्या नव्या पुरवणीने ती काढून टाकली आहे."

पुरवणीचं नाव 'उंबरठा'. यात किल्ला नव्हता, जंगल नव्हतं. खेळाडू ज्या खोलीत बसलेत तीच खोली, तेच टेबल, चेहरेही तेच. फक्त खिडकीबाहेर राख पडते आहे आणि वेढा दारापर्यंत आलाय. पहिल्याच प्रवेशात नावं पुसली जातात. स्वतःचं नाव, शेजारच्याचं नाव, काहीच आठवत नाही. उरतात ते मशालजी, किल्लीदार, वैदू आणि पहारेकरी. चौघांपैकी एकाने शत्रूला दार उघडून दिलेलं असतं. उरलेल्या तिघांनी त्याला एकेक वार करून मारायचं, नाहीतर सगळेच मरतात. त्या रविवारी पहारेकरी सुहृद होता. पहिला वार मशालजीचा, म्हणजे प्रफुल्लचा. दुसरा किल्लीदाराचा, म्हणजे वेदांगचा; या पुरवणीत निवेदकानेही शिरबंध लावून खेळात उतरायचं असे. तिसरा वैदूचा, नीरजाचा.

"मला भीती खरी हवी होती," यंत्रातून बाहेर आल्यावर नीरजा डॉक्टरांना म्हणाली. "खूण असली की टेबलावरून उठताना लोक हसतात. चहा मागतात. मला ते नको होतं."

"सुहृदला हे माहीत होतं?"

"त्याने आधी एकदा एकट्याने खेळून पाहिली होती, बाकीची सोंगं यंत्र चालवत होतं. त्या वेळी पहारेकऱ्याला प्रफुल्लचा चेहरा होता. नंतर सुहृद रोज त्याच्या घरी जाऊन तो जिवंत आहे ना बघून यायचा. मला म्हणाला, ही बाहेर जाऊ देऊ नको, मी कंपनीला कळवणार. मी म्हटलं, एकदा सगळे मिळून खेळू, मग ठरवू." तिने सोललेल्या तळव्यांकडे पाहिलं. "मी लिहिलंय ते, डॉक्टर. प्रत्येक वाक्य माझं आहे. तिथे वैदू तिसरा वार करते हे मीच लिहिलं. तरी मला आठवतंय ते खरंच आहे. मी मारलं त्याला."

पुरवणी तोवर बाहेर गेलीच होती. वेदांगने कुणाला न विचारता ती चाहत्यांना पाठवली होती. अमरावतीत एक माणूस बायकोचा गळा दाबल्याचा कबुलीजबाब द्यायला चौकीत आला, तेव्हा बायको त्याचा हात धरून शेजारीच उभी होती. चंद्रपूरला एका मुलीने मित्राचं प्रेत शोधायला अंगण खणून काढलं. मित्रही तिच्याबरोबर खणत होता, तिचं समाधान व्हावं म्हणून.

भोयरांना मात्र एका खऱ्या प्रेताचा छडा लावायचा होता, आणि त्यांचा भरवसा तिसऱ्यावर, वेदांगवर होता. वेदांग शांत होता. बोलणं सुसंगत. डॉक्टरांच्या खोलीत आल्यावर त्याने पाणी मागून घेतलं आणि पाय सैल सोडून बसला.

"दुसरा वार मी केला," तो म्हणाला. "पोटात. पण ते खेळात. शुद्धीवर आलो तेव्हा सुहृद खरंच मेलेला होता. या दोघांपैकी कुणीतरी खेळाच्या भरात उठून ते केलं असणार. माझी दोघांवरही चीड नाही. आजारच म्हणायचा."

"तुमचा वार खेळातला, हे तुम्हाला कसं कळलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणजे? कळतंच ना. माणसाने माणूस मारला आणि खेळात मारला, यात फरक पडतोच."

"काय फरक पडतो?"

"आतून माहीत असतं."

"झोप लागते?"

"लागते. वाईट वाटतं, पण लागते."

डॉक्टरांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. नखं नीट कापलेली, कातडी मऊ. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. तो बाहेर गेल्यावर त्या भोयरांना म्हणाल्या, "तो शिरबंध लावून बसलाच नव्हता."

"कशावरून?"

"ज्याने तो लावून 'उंबरठा' खेळला, त्याला तो खेळ होता हे आतून कळूच शकत नाही. ती खूणच काढून टाकलेली आहे. नीरजाने स्वतः लिहिलंय, तिलाही कळत नाही. प्रफुल्लने बोटं मोडून घेतली. आणि ह्याला माहीत आहे. कसं? त्याच्याकडे खेळातली आठवण नाहीच. निवेदकासमोर खेळ दाखवणारा पडदा असतो, त्यावर जे दिसलं ते तो सांगतोय."

"पण दोघांनी त्याला वार करताना पाहिलं."

"खेळाडू नसेल तर त्याचं सोंग यंत्र चालवतं. त्यांनी किल्लीदाराला पाहिलं."

"म्हणजे जे कबूल करून राहिले ते निर्दोष."

"आणि तिघं शुद्ध हरपून, अंग सैल टाकून बसलेले असताना एक माणूस त्या खोलीत जागा होता."

एवढ्यावर कोर्ट मानणार नाही, हे भोयरांना ठाऊक होतं. त्यांनी घटनास्थळाची छायाचित्रं मागवली. शिरबंधाची टोकं कपाळात रुततात आणि काढल्यावरही त्यांचे गोल वळ बराच काळ राहतात. नीरजाच्या कपाळावर वळ होते. प्रफुल्लच्याही. सुहृदच्या कपाळावर ते मेल्यावर निळे पडले होते. वेदांगचं कपाळ कोरं होतं.

छायाचित्र पुढे ठेवल्यावर त्याने फार वेळ घेतला नाही.

"तो पुरवणी बंद पाडणार होता," तो म्हणाला. "असं काम पुन्हा होणार नव्हतं. लोकांना खरी भीती कुणी कधी दिली होती? आणि तो कळवणार, म्हणे लोकांना त्रास होतो." त्याने पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "पडद्यावर मशालजीने वार केला तेव्हा मी केला. किल्लीदाराने केला तेव्हा केला. वैदूने केला तेव्हाही. त्याला खेळात मरायचंच होतं. मला वाटलं, त्याला फरक कळणार नाही."

भोयरांनी त्याला उठवलं आणि दारापर्यंत नेताना त्याचा दंड इतका आवळला की तो कण्हला.

नीरजा आणि प्रफुल्ल सुटले. पण सुटल्याने आठवण सुटत नव्हती. निकाल वाचून दाखवला तरी प्रफुल्लला खुनाचीच स्वप्नं पडत. डॉक्टरांनी उपाय सुचवला. कुठलीही आठवण काढली की ती थोडा वेळ ओली होते आणि नव्याने वाळते. तेवढ्यात ती गुणगुण मेंदूत सोडली तर राहून गेलेली खूण मागाहून विणता येते. प्रफुल्लवर ते केलं. थोड्या दिवसांनी तो आला तेव्हा बोटांचं प्लास्टर निघालं होतं, अंगावर मांस आलं होतं.

"डोक्यातून गेलं सगळं," तो डॉक्टरांना म्हणाला. "म्हणजे आठवतं, पण खेळ होता ते कळतं." मग थोडं ओशाळून म्हणाला, "नीरजाने लिहिलं मात्र जबरदस्त होतं."

नीरजा आली ती हातांना पट्ट्या बांधून. खुर्चीत बसली. डॉक्टरांनी तिच्या कपाळाला पट्टा लावला.

"सुरुवातीपासून सांग. पूर्ण सांगायचं, काही गाळायचं नाही. खूण जेवढ्याला लागायला हवी तेवढं सगळं वर यायला हवं."

ती सांगू लागली. बाहेर राख पडते आहे. दारावर धडका. पहारेकऱ्याच्या कमरेला शत्रूची मोहर सापडते. मशालजी सुरी उचलतो. पहारेकरी ओरडतो. किल्लीदार सुरी घेतो, पोटात घालतो.

"मग तो माझ्याकडे वळला. तोंडातून रक्त येत होतं. म्हणाला, नीरू, नीरू, उठ ना."

डॉक्टरांचा हात गुणगुण सोडायच्या बटणावर होता. "काय म्हणाला?"

"नीरू. मला घरचे म्हणतात तसं. तो कॉलेजपासून म्हणायचा."

"हे तू लिहिलं होतंस?"

"नाही."

"तिथे कुणाला नाव नसतं ना?"

"नसतं. मलाही ते नाव कुणाचं ते कळलं नाही. मला वाटलं पहारेकरी भ्रमात बोलतोय. वाटलं, किती खरं वाटतंय हे. आणि मी सुरी घातली." ती डॉक्टरांकडे बघत होती. "तुम्ही बटण का नाही दाबलं?"

टेंभुर्णे बाईंनी आयुष्यभर रुग्णांना सगळं सांगितलं होतं. आता त्यांना वाटलं, न सांगता दाबून टाकावं.

"शिरबंधात एक सोय असते," त्या म्हणाल्या. "खेळाडूच्या शरीराला खरोखर इजा झाली, घरात आग लागली, तर तो जागा व्हायला लागतो. पुरवणीला त्यात काही करता येत नाही. सुहृद जागा होत होता. त्याला आपलं नाव आठवलं, तुझं आठवलं. पण अंग हलेना."

"म्हणजे ते खेळातलं नव्हतं."

"तुझा हात खेळातला होता. त्याची हाक नव्हती, ती तू खऱ्या कानांनी ऐकलीस."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"खूण लावली की ती हाकही खेळातलीच होईल?" तिने विचारलं.

"होईल. एवढं वेगळं करता येत नाही मला."

"मग मला वाटेल की तो तसा बोललाच नाही. मी लिहिलेलं बोलला."

"हो. आणि तुला झोप लागेल."

नीरजाने पट्टी बांधलेल्या हातांनी कपाळावरचा पट्टा सोडवायचा प्रयत्न केला. बोटं नीट चालत नव्हती. डॉक्टरांनी पुढे होऊन तो सोडवला.

"त्याने हाक मारली ती एकदा मी खेळातली समजून ऐकली आहे," ती म्हणाली. "पुन्हा नाही."

ती उठली आणि दार उघडून बाहेर गेली.