कुंड्यांचा रस्ता

भर रस्त्यात उकिडवा बसून तो टेपने रस्ता मोजत होता. बाबांचा दंड धरून मी ओलांडत होते, आणि माझा पाय नेमका त्या टेपमध्ये अडकला.

"मरायची हौस आहे का?" मी खेकसले.

"उलट! इथं कुणी मरू नये म्हणूनच मोजतोय," तो म्हणाला आणि हसला. माझा राग कुठल्या कुठे पळाला... छे!

बाबांचे गुडघे गेलेले, हात मात्र शाबूत. घरासमोरच त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. पण मधून गाड्या अशा सुसाट जायच्या, की रोज मीच त्यांना धरून न्यायची-आणायची. लग्नाचा विषय निघाला की मी मुकाट्याने रस्त्याकडे बोट दाखवायची.

त्याने दोन्ही कडांना भल्यामोठ्या कुंड्या मांडून रस्ता अरुंद केला. पालिकेचा प्रयोग म्हणून. आणि खरंच, गाड्या हळू झाल्या. एका सकाळी बाबा एकटेच पलीकडे पोचले! तेव्हापासून ते त्याला 'कुंडीवाले' म्हणू लागले.

"आता तुम्ही मोकळ्या," तो हळूच म्हणाला.

"मोकळं होऊन करायचं काय... तेही मोजून सांगा ना."

त्याचे कान लाल झाले. त्याने टेप काढली, माझ्या मनगटाभोवती गुंडाळली — आणि सोडायचं विसरलाच.

मग गाडीवाल्यांच्या तक्रारी गेल्या. त्यांना उशीर होत होता म्हणे. कुंड्या हटवायचा हुकूम आला, आणि त्या उचलायला त्यालाच यावं लागलं. त्याचं इथलं कंत्राटही संपलं. नवं काम मिळालं ते दूरच्या शहरात.

"चल माझ्याबरोबर," शेवटच्या कुंडीपाशी तो म्हणाला. पहिल्यांदाच अगं-तुगं. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. बाबांनाही नेऊ."

"माझंही आहे..." मी पलीकडे दुकानाकडे पाहिलं. "पण दुकान सुटलं तर बाबा खचतील रे. ते दुकानावरच जगतात."

त्याने मान खाली घातली. त्यालाही ते ठाऊक होतं.

पलीकडे बाबा दुकान बंद करून कडेला उभे होते. काल एकटे आले होते. आज त्यांनी एक पाऊल खाली टाकलं, आणि गाडी सूं करून गेली तसं मागे घेतलं. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

रस्त्याच्या मध्यावर ते थांबले. "कुंडीवाले गेले का गं?"

"जातायत."

"माझ्यामुळे तू..."

"चला बाबा, गाडी येतेय," मी म्हणाले. मागे वळून पाहायला वेळच नव्हता.