होमोसिस्टीन अडतीस

चांद्रतळावरच्या प्रयोगशाळेत डॉ. शलाका तेंडोलकर येरझाऱ्या घालत होत्या. तळपायांना सारख्या मुंग्या येत होत्या, त्यामुळे धड बसवतही नव्हतं. रक्तमापकाने पाचव्या माणसाचा आकडा दाखवला : होमोसिस्टीन अडतीस. तीन आठवड्यांपूर्वी तो चौदा होता.

"हे नेमकं असतं काय?" यानअभियंता इरफान मुजावर यांनी विचारलं. तळावरच्या सहा जणांत तेवढेच ठणठणीत होते.

"प्रथिनं पचवताना शरीरात तयार होणारा पदार्थ. शरीर त्याचा लगेच निकाल लावतं. पण साठला, तर रक्तवाहिन्यांच्या अस्तराला डिवचतो. रक्षकपेशींना वाटतं, शत्रू आला. मग नसलेल्या शत्रूशी लढाई जुंपते. आमचे सांधे सुजलेत ते त्यानेच."

"मग औषध?"

"बी-बारा जीवनसत्त्व. रोज टोचतेय, तरी आकडा चढतोच आहे! कुणीतरी ते शरीरातच निकामी करत असावं तसं." बोलता बोलता त्या थबकल्या. "मुजावर, तुम्ही झोपता कुठे?"

"कार्यशाळेत. घोरतो म्हणून तुम्हीच हाकललंत की!"

शलाकाताईंना हसू आलं नाही. "भूल देताना वापरतात तो नायट्रस ऑक्साइड बी-बाराला निकामी करतो. हवेत जरासा असला, तरी रोज झोपेत आत जात राहील. शयनकक्षाच्या भिंतीमागे काय आहे?"

इरफान यांचा चेहरा उतरला. "परतयानाची टाकी. त्याच वायूची. त्याच्याशिवाय इंधन जळत नाही." मग घाईघाईने म्हणाले, "पण गळती असती, तर दाब उतरला असता. आज सकाळीच पाहिला, बरोबर आहे!"

आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"काय झालं?"

"टाकीत तो द्रवरूपात असतो. वाटीभर उरला, तरी त्याची वाफ दाब तेवढाच ठेवते. आत जरासा आला असेल, बाकीचा बाहेर निर्वातात..."

उड्डाण नऊ दिवसांवर होतं.

टाकीची एक बाजू भांडारखोलीत उघडी होती. शलाकाताईंनी तिला स्टेथोस्कोप लावला. इरफान पान्याने ठोकू लागले. भरलेल्या जागी आवाज बद्द यायला हवा होता. खांद्याच्या उंचीवर पोकळ आला. कमरेशीही पोकळ. त्या गुडघ्यांवर बसल्या तशी सुजलेल्या सांध्यांतून कळ गेली.

"अजून खाली," इरफान पुटपुटले.

शेवटी त्या जमिनीवर आडव्या झाल्या. तळापासून वीतभरावर आवाज बद्द आला.

"एवढ्यात कितीजण जाऊ शकतील?"

इरफान यांनी पाना खाली ठेवला. "यान उठेल, ताई. पोचणार नाही."