आरोपी हजर, तक्रार नाही

फौजदारी कोर्टातलं जुनं रेकॉर्ड कसं शोधायचं, असं नवे वार्ताहर मला विचारतात. मी सांगते. नाव घेऊन जाऊ नका, नावावरून काही सापडत नाही. पोलीस ठाणं, गुन्हा नंबर आणि वर्ष घेऊन जा. त्यावरून कोर्टाच्या नोंदवहीत खटल्याचा नंबर मिळतो, नंबरावरून बस्ता, म्हणजे कापडात बांधलेली खटल्याची कागदपत्रं, मिळतो, आणि बस्ता सापडत नाही असं कुणी म्हणालं तर खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसा. रेकॉर्ड सार्वजनिक आहे, कुणाच्या बापाचं नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, उठू नका.

एवढं सांगून मी थांबते. एका दुपारची गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही. ती आज सांगते.

वेल्डरची बायको माझ्या टेबलाशी आली ती भांडायलाच. साठीची बाई, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं एक कात्रण. एकवीस वर्षांपूर्वीचं. चार ओळी. चोरीच्या संशयावरून अटक केलेला वेल्डर कोर्टातून परतताना पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पसार.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"बघितलं होतं?"

"नाही. पोलिसांनी सांगितलं, ते छापलं."

ती खाली बसली. "ताई, तुमच्या या चार ओळी दरवर्षी माझ्या दारात येतात. दोघं वॉरंट घेऊन येतात, कपाट उघडतात, पलंगाखाली वाकून बघतात. मुलीच्या सासरीसुद्धा जाऊन आले. आता मला सांगा, माझा माणूस कुठे लपणार होता? धुरानं छाती गेलेली. पोरांशी लपाछपी खेळायचा तरी खोकल्यावरून पहिला सापडायचा."

"मग तुमचं म्हणणं काय आहे?"

"तो गेला. त्याच दिवशी गेला. मला तसं लिहिलेला कागद हवा. विधवा म्हणून मरू दे मला. फरार माणसाची बायको म्हणून नको."

दोन दिवसांत मी खटल्याचा नंबर काढला. तो मला नोंदवहीत सापडायच्या आधी, गुन्हा नंबरावरून, नोटीस बोर्डावर सापडला. नष्ट करायच्या प्रकरणांची यादी लागली होती, त्यात तो होता. आरोपी फरार असलेला खटला नष्ट करता येत नाही, हे कोर्टातल्या मांजरालाही माहीत असतं. म्हणजे कुणीतरी तो मुद्दाम यादीत घातला होता. हरकत घ्यायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. माझं डोकं तापलं. आमच्या धंद्यात तापलेलं डोकं हेच भांडवल असतं.

कोर्टाला सुट्ट्या होत्या. न्यायालयाच्या खोल्यांना कुलपं, फक्त कार्यालय चालू. वेल्डरच्या बायकोला मी तळघराच्या जिन्यावर बसवलं, तिचा सहीचा अर्ज घेतला आणि खाली उतरले. दुपारचे तीन वाजले होते, पण खाली दुपार नव्हती. एक ट्यूबलाइट, तीही फडफडणारी. छतापर्यंत लोखंडी रॅक, त्यांवर लाल कापडात बांधलेले बस्ते, आणि ओल्या कागदाचा तो आंबूस वास, जो कपड्यांना चिकटून घरी येतो.

रेकॉर्ड सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे नाना म्हणतात. निवृत्तीला एक महिना उरलेला, उजवा हात सारखा थरथरणारा. नंबर बघितला आणि त्यांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला.

"सापडत नाही, बाई."

मी खुर्ची ओढली. बसले.

"सोमवारी ट्रक येणार आहे," ते म्हणाले. "गेलेलं जाऊ द्या."

"यादीत कुणी घातला?"

"मीच." त्यांनी दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "तो बस्ता बाहेर काढला की त्याची तारीख लागते."

"नाना, बत्तीस वर्षं कोर्टात काढलीत मी. तारीख लागावी म्हणून लोक चपला झिजवतात. नुसता बस्ता काढून लागत असती तर वकील उपाशी मेले असते."

ते हसले नाहीत. उठले, शेवटच्या रॅकमागे गेले आणि बस्ता घेऊन आले. तो जागेवरच होता. टेबलावर ठेवून ते दोन पावलं मागे सरले.

मी रोजनामा उघडला. रोजनामा म्हणजे खटल्याची डायरी. कोण हजर होतं, काय झालं, पुढची तारीख कोणती. पहिली नोंद रेखीव अक्षरात होती. आरोपी हजर. त्याखाली रबरी शिक्का: पोलिसांविरुद्ध तक्रार नाही. अटक केलेल्या माणसाला पहिल्यांदा कोर्टासमोर उभं केलं की हे विचारावं लागतं. दुसरी नोंद, आरोपी फरार, वॉरंट काढावे.

खटला तिथे थांबायला हवा होता. थांबला नव्हता. खाली आणखी तीन नोंदी होत्या. तारखा नऊ, सहा आणि दोन वर्षांपूर्वीच्या. तिन्ही ठिकाणी तेच रेखीव अक्षर, तेच दोन शब्द. आरोपी हजर. न्यायाधीशांची सही कुठेही नाही. बस्ता कुणी कधी बघितला याची चिठ्ठी आत असते. ती बघितली. एक तपासनीस, एक वकील, एकदा रॅक हलवताना. तारखा तंतोतंत जुळत होत्या.

मग चौथी नोंद दिसली. तारीख त्या दिवसाची होती. शाई ओली होती.

"अक्षर कुणाचं?" मी विचारलं.

"माझं." नानांनी थरथरता हात दुसऱ्या हाताने धरला. "तेव्हाचं. आता मला स्वतःची सहीसुद्धा धड येत नाही. लिहिलं मी नाही, बाई…"

"तेव्हा काय झालं होतं?"

"मी तेव्हा वर कोर्टात रोजनामा लिहायचो. त्याला वर आणलंच नाही. व्हॅनमध्येच होता. शिपाई म्हणाला, झोपलाय, तुम्ही लिहा हजर. दिवसाला तीस आरोपी असायचे. शिक्का मी स्वतः करून घेतला होता, वेळ वाचावा म्हणून. साहेब मान खाली घालून सह्या करत होते. मी लिहिलं हजर, मारला शिक्का. संध्याकाळी कळलं की पळाला." ते थांबले. "व्हॅनखाली पाणी टाकून धूत होते. मी खिडकीतून बघितलं होतं."

"आणि गप्प बसलात."

"बसलो. तुम्ही काय केलंत?"

तेवढ्यात शेवटच्या रॅकमागे कुणीतरी खोकलं.

कोरडा, खोल, छातीच्या तळातून येणारा खोकला. मग दुसऱ्यांदा, थोडा जवळून. ओल्या कागदाचा वास मागे पडला आणि तापलेल्या लोखंडाचा वास आला, वेल्डिंगच्या दुकानावरून जाताना येतो तसा. नाना भिंतीला टेकले. मी बस्ता सोडला नाही. पाचला हरकत नोंदवायची होती.

बरोबर डोक्यावर, कुलूप लावलेल्या न्यायालयात, पुकारा झाला. कोर्टात शिपाई दाराशी येऊन पक्षकाराचं नाव घेतो, तसा. वेल्डरचं पूर्ण नाव, शेवट लांबवून. एकदा. थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्यांदा.

"दर वेळी असंच होतं," नाना कुजबुजले. "तीनदा बोलावतात… मग तो इथे खालीच उभा राहतो. वाट बघत. बस्ता बांधला की जातो. बांधू का, बाई? बांधतो मी…"

"कशाची वाट बघतो?"

"मला काय माहीत…"

त्यांना माहीत होतं. मलाही कळलं होतं. एकवीस वर्षं त्या माणसाला हजर लिहून ठेवलं होतं आणि विचारायचा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

मी उभी राहिले. रॅकच्या मधल्या अंधारात कुणी दिसत नव्हतं. फक्त एका बस्त्याची सुटलेली नाडी हलत होती, कुणी समोर श्वास घेत असावं तशी. मी स्पष्ट, मोठ्यानं विचारलं.

"तुमची पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?"

ट्यूबलाइटची फडफड थांबली. खोकलाही थांबला. मग माझ्या मागे खुर्ची सरकली. नाना टेबलाशी बसले होते. डोळे मिटलेले. त्यांच्या हातात पेन होतं आणि हात थरथरत नव्हता.

सव्वाचार ते पावणेपाच ते लिहीत होते. मी फक्त पानं पुढे सरकवत गेले. तिघांचे बिल्ला नंबर. कशानं मारलं. पाणी मागितल्यावर काय दिलं. व्हॅन कुठे थांबवली. ठाण्यामागच्या आवारात, जप्त केलेल्या निळ्या टेम्पोखाली, किती खोल. सगळं त्या रेखीव अक्षरात, एकही खाडाखोड नाही.

शेवटच्या पानावर लिहिलं होतं: आदल्या संध्याकाळी कोठडीबाहेरच्या बाकावर वार्ताहर बाई चहा पीत होत्या. मी त्यांना हाक मारली. त्यांनी वर बघितलं.

बघितलं होतं. फौजदार म्हणाले होते, दारुडा आहे, रोजचंच आहे. मी मान डोलावली आणि पुढची बातमी उतरवून घेतली.

नानांनी डोळे उघडले. आपल्या हाताकडे बघितलं. तो पुन्हा थरथरायला लागला होता. त्यांनी पानं वाचली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"हे एक पान बाजूला काढलं तर… नाव तर नाही तुमचं. कुणाला कळणार नाही."

"नाव नाही ना? मग मी लिहिते," मी म्हणाले, आणि लिहिलं.

पाचला सहा मिनिटं असताना मी हरकत दाखल केली, पानं जोडून. पानांखाली नानांची सही होती, वेडीवाकडी, आताची. पोच घेतली. जिन्यावर वेल्डरची बायको तशीच बसली होती, पण भिंतीकडे सरकून.

"कुणी आलं होतं का इकडून?" मी विचारलं.

"नाही. मगाशी मी पाय आवरून घेतले, कुणी वर जायला निघालं की घेतो ना, तसे." ती थोडी थांबली. "का घेतले ते कळलं नाही, ताई. आलं तर कुणीच नव्हतं."

पुढचं तुम्ही वाचलं असेल, कारण तेही मीच छापलं, माझ्या नावासकट. टेम्पो हलवला. खणलं. तिघांपैकी दोघं आज आत आहेत, एक आधीच मेला होता. वेल्डरच्या बायकोला कागद मिळाला. तिने तो उभ्यानेच वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "आता दार उघडं ठेवून झोपते." मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

नानांनी साक्ष दिली. निवृत्त झाले. हात तसाच आहे.

चौकशीनंतर तो जुना खटला संगणकावर चढवला. आता तळघरात जायची गरज नाही, घरबसल्या शोधता येतो. न्यायालय निवडा, नंबर आणि वर्ष टाका. खटल्याची स्थिती: निकाली. आरोपी: मयत. सगळं बरोबर आहे. फक्त निकाली खटल्याला पुढची तारीख नसते, त्या रकान्यात रेघ हवी. इथे तारीख आहे. संगणक विभागाने ती तीनदा पुसली. मी कालही बघितली, आज सकाळीही. कधीही बघा, त्या रकान्यात त्याच दिवसाची तारीख असते. आणि खाली साक्षीदार म्हणून एकच नाव. माझं.

मी रोज अकराला जाते. शेवटच्या बाकावर बसते. पुकारा झाला तर या वेळी उठणार आहे.