गोट्यांची वाट

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ज्या घरात हे घडलं तिथे मी आजही जेवायला जातो, आणि पाण्याचा पेला उचलताना माझा हात थांबतो.

नमिता माझी मामेबहीण. मुलुंडला राहते, इंटिरियर डिझायनर आहे. गेल्या मे महिन्यात तिला पहिलं मोठं काम मिळालं. शहापूरच्या पलीकडे, नदीकाठी स्पा रिसॉर्ट. सगळं मातीचं, बांबूचं, आणि अनवाणी चालायला गोट्यांची वाट.

गोटे तिने स्वतः निवडले, नदीच्या घाटावर जाऊन. एका काळ्या गोट्याला गवताची गाठ बांधलेली होती. बाईसाहेब एकदम खूश. मालकाला दाखवायला म्हणून तो तसाच घरी आणला आणि हॉलमध्ये पितळी घंगाळात, पाण्यात ठेवला.

रविवारची दुपार. नमिता आत ड्रॉइंग करत होती.

हॉलमधून आवाज आला...

घट. घट. घट.

कोणीतरी घाईघाईने पाणी पीत होतं.

ती बाहेर आली. हॉलमध्ये कोणीच नाही.

घंगाळ कोरडं ठणठणीत... फरशीवर एक थेंब नाही.

त्याच संध्याकाळपासून नमिताच्या सहा वर्षांच्या लेकीला, जान्हवीला, तहान लागायला लागली. पेल्यावर पेले प्यायची, तरी ओठ सुकलेलेच. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. तिसऱ्या दिवशी पोरीला उठवेना. नमिताचा जीव थाऱ्यावर नव्हता.

सासूबाई मालवणहून धावत आल्या. घंगाळाकडे बघून दारातच थांबल्या.

"ह्यो खडो खंय गावलो तुका?"

"घाटावर. का हो आई?"

"जीवखडो तो. मेलेल्याचो तहानलेलो जीव असता तेच्यात, दहाव्याक पाण्यात सोडतत. आणि तू घरात हाडलंस?"

 नमिताने तशीच गाडी काढली. खडा नदीत सोडला, हात जोडले, चुकलं म्हणाली.

तेवढ्यात घरून फोन आला. जान्हवी एक पेला प्यायली आणि बस म्हणाली.

नमिता घाटावरच बसून रडली. वाटलं, सुटलो एकदाचे.

महिन्याने साइटवरून जयवंत कंत्राटदाराचा फोन आला.

"मॅडम, स्पाचा पूल रोज सकाळी रिकामा सापडतो. गळती कुठेच नाही."



"जयवंत... वाटेचे गोटे कुठून आणलेस?"

"तुम्ही दाखवलेल्या घाटावरनंच. दोन टेम्पो."

"त्यात गवत बांधलेले होते?"

"होते की. धुऊन काढलं सगळं. मोजले नाहीत."

ते सगळे गोटे आता सिमेंटमध्ये पक्के बसलेत. कुठला कोणाचा, कसं शोधणार?

नमिताने फोन ठेवला. मागे जान्हवी उभी होती... हातात रिकामा पेला.

"आई, अजून दे ना."

परवा मी गेलो होतो. ती अजून पीतच होती.