खरी शाल्मली कोणती?

"शाल्मली परुळेकर यांनी मघाशीच फोन करून जागा सोडली," फाटकावरचा चौकस नावाचा यंत्रमानव म्हणाला. "यान सुटलं की चांद्रशाळेतली ती जागा दुसऱ्याच्या नावावर होईल."

"अरे, पण शाल्मली मीच!"

वेंगुर्ल्याच्या अवकाशतळावर उभी असलेली शाल्मली ओरडली. वर्षभर मान मोडून अभ्यास केला तेव्हा कुठे ही जागा मिळाली होती. रांगेतली मुलं एकेक करून आत जात होती आणि हिचे पाय एका जागी ठरत नव्हते.

चौकसने त्या फोन करणारीला पडद्यावर बोलावलं. चेहरा शाल्मलीचाच! "मीच खरी. ही कोण आलीय फाटकावर?" आवाजही तिचाच. आपलाच आवाज आपल्याला खोटं पाडतोय, हे ऐकून शाल्मलीला रडू कोसळलं.

चौकसही पेचात पडला. चेहरा जुळला, आवाज जुळला, जन्मतारीख जुळली. शेवटी त्याने पालकांना फोन लावला. पालक म्हणजे सावंतवाडीचे आबा, शाल्मलीचे आजोबा. गुप्तलेखनशास्त्रात (निरोप परक्याला कळू नये म्हणून तो झाकण्याचं शास्त्र) त्यांची हयात गेली होती.

"आबा, मी!" दोन्हीकडून एकदम आवाज आला.

"बरंय. एक नात पुरत नव्हती, आता दोन झाल्या," आबा म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा खट्याळ नव्हता. "दार अडवतो हं. सात!"

नव्या नवरीला उंबऱ्यावर अडवून नाव घ्यायला लावतात ना, तसे आबा शाल्मलीला आपल्या प्रयोगशाळेच्या दारात अडवायचे. ते एक आकडा सांगायचे. तिने मनातल्या मनात त्याची तिप्पट करायची, त्यातून चार वजा करायचे आणि नुसतं उत्तर बोलायचं. "पुरे हो आबा!" म्हणून ती कितीदा तरी वैतागली होती.

तिने तोंड उघडायच्या आत पडद्यावरची म्हणाली, "सतरा."

वाढदिवसाला या खेळाचा, सातला सतरा म्हटल्याचा, व्हिडिओ शाल्मलीनेच हौसेने साऱ्या जगाला दाखवला होता. चोराला सगळं आयतंच मिळालं होतं.

"अकरा!" आबा म्हणाले.

"सतरा... आबा, उशीर होतोय, कोडी कसली घालता?" पडद्यावरची कुरकुरली.

"आता फाटकावरची बोलेल."

शाल्मलीचं डोकं बधिर झालं होतं. अकरा त्रिक तेहेतीस. तेहेतीसातून चार... "एकोणतीस!"

पडदा काळा झाला. चौकसने पोलिसांना कळवलं आणि फाटक उघडलं.

"आबा, आधी सातच का विचारलंत?" यानाकडे धावता धावता तिने आपल्या फोनवरून विचारलं.

"चोराच्या झोळीत काय आहे ते बघायला. चेहरा, आवाज आपण जाऊ तिथे सांडत असतो, त्यांची नक्कल होते. म्हणून आव्हान-प्रतिसाद (दर वेळी नवा प्रश्न आणि त्याला गुप्त नियमाने दिलेलं उत्तर) हवा. नियम तोंडाबाहेर पडतच नाही, मग चोर ऐकणार काय? पण बरीच उत्तरं जमवली, तर हुशार चोर नियमही ओळखेल. तेव्हा हा नियम आता मोडीत. यापुढे दुसरा, विहिरीपाशी तुझ्या कानात सांगितलेला."

चंद्रावर पोचताच शाल्मलीने फोन लावला. "आबा, पोचले! इथून पृथ्वी केवढी निळी दिसते!"

"ते नंतर. नऊ?"

शाल्मली हसली. या खेळकर आबांचा तिला मुळीच वैताग आला नाही. तिने झटकन उत्तर दिलं. काय दिलं, ते मात्र मी तुम्हांलाही सांगणार नाही.